घोड्यावरून येणारी सिस्टर



या पानावर आपण एरवी बियाणे, खते, कीड-रोग आणि गाई-म्हशी यांविषयी बोलतो. आज थोडी वाट सोडून बोलणार आहे, आणि त्याला कारण तुम्हीच आहात. शेतीशाळेच्या निमित्ताने गावोगाव जाणे होते. तुरीवरच्या शेंग पोखरणाऱ्या अळीविषयी सांगून झाले, ‘कोणाला काही शंका?’ असे विचारले, की पुरुषमंडळी औषधाचे प्रमाण विचारतात. मागे बसलेल्या बायकांतली एखादी मात्र भलतेच विचारते. “साहेब, आमच्या उपकेंद्राची सिस्टर बदलून गेली. नवी कधी येणार?” आता हे काही माझे खाते नव्हे. मी बापडा कृषीचा पदवीधर. पण प्रश्न खरा आहे, आणि तो एका गावचा नाही.

इमारत असते, पाटी असते, पद मंजूर असते. ऑर्डरही निघते. माणूस हजर होतो, चार-सहा महिने काढतो आणि तालुक्याच्या गावी बदली मागून घेतो. मंजूर पद आणि हजर माणूस यांत किती अंतर असते, हे रात्री दोन वाजता ज्याच्या घरी बाई अडली आहे त्याला विचारावे. कागद पाहिला तर सपाटीवर साधारण 5,000 लोकवस्तीला आणि डोंगरी-आदिवासी भागात 3,000 वस्तीला एक उपकेंद्र, असा हिशेब आहे. हिशेबात चूक नाही. अडते ते माणूस मिळण्यात, आणि त्याहून जास्त तो टिकण्यात.

हीच अडचण शंभर वर्षांपूर्वी सातासमुद्रापलीकडे एका बाईने अंगावर घेतली होती. तिचे नाव मेरी ब्रेकिन्रिज. तिची हकिगत सांगतो. ऐकण्याजोगी आहे.

अमेरिका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे उंच इमारती आणि मोटारी येतात. पण त्या देशात केंटकी नावाचे राज्य आहे, आणि त्याच्या पूर्वेला अ‍ॅपलाचियन डोंगरांच्या रांगा आहेत. 1925 साली तिथल्या लेस्ली काउंटीत (काउंटी म्हणजे आपला तालुका-जिल्हा यांच्या मधले काहीतरी समजा) पक्का रस्ता नव्हता, आगगाडी नव्हती. ओढ्याचे पात्र हाच रस्ता. पाणी चढले की तोही बंद. लोक लाकडाच्या ओंडक्यांच्या घरांत राहत, चढणीच्या जमिनीवर मका करीत, दोन-चार डुकरे, कोंबड्या, एखादी गाय. ज्यांनी आपल्याकडचा डोंगरउतारावरचा वरकस जमिनीचा शेतकरी पाहिला आहे, त्यांना हे चित्र वेगळे सांगायला नको. दहा हजारांच्या आसपास वस्ती आणि परवानाधारक डॉक्टर एकही नाही. बाळंतपणे गावच्या म्हाताऱ्या सुइणी करीत. त्यांना तिकडे ‘ग्रॅनी’ म्हणजे आजीच म्हणत.

आणि हे केवळ डोंगराचे दुखणे नव्हते. त्या काळी सगळ्या अमेरिकेत दर 10,000 बाळंतपणांमागे साठाहून जास्त माता दगावत होत्या. श्रीमंत देशात!

मेरीबाई मात्र गरिबाघरची नव्हे. 1881 साली जन्मली ती मोठ्या घराण्यात. आजोबा अमेरिकेचे उपाध्यक्ष होऊन गेलेले, वडील रशियात अमेरिकेचे वकील. शिक्षण स्वित्झर्लंडमध्ये. अशा घरच्या मुलीने लग्न करावे आणि दिवाणखाना सांभाळावा, एवढीच अपेक्षा. 1904 मध्ये लग्न झाले. दोन वर्षांत नवरा अपेंडिक्सच्या आजाराने गेला. पंचविशीत वैधव्य आले. मग तिने न्यूयॉर्कच्या सेंट ल्यूक रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि 1910 मध्ये ते पुरे केले. पुन्हा लग्न केले. 1916 मध्ये मुलगी अपुऱ्या दिवसांची जन्मली आणि काही तासांत गेली. मुलगा ब्रेकी चार वर्षांचा होऊन 1918 च्या जानेवारीत गेला. तो संसारही टिकला नाही. 1920 मध्ये घटस्फोट झाला आणि तिने माहेरचे नाव परत लावले.

ज्या घरात लेकरू गेले आहे, तिथे मी यापुढे काही सांगावे असे नाही. एवढेच लिहितो की त्यानंतर या बाईने उरलेले आयुष्य दुसऱ्यांची लेकरे आणि त्यांच्या आया जगवण्याला दिले, आणि ते रडत-भेकत नव्हे, तर एखाद्या कसलेल्या कारभाऱ्याप्रमाणे हिशेब मांडून.

पहिले महायुद्ध संपल्यावर ती फ्रान्सच्या उद्ध्वस्त भागात कामाला गेली. तोफांनी गावे भुईसपाट झालेली, गाई मारल्या गेलेल्या, लहान मुलांना दूध नाही. तिने अमेरिकेतल्या ओळखीच्या लोकांना पत्रे धाडून शेळ्यांसाठी पैसे मागितले आणि तान्ह्या मुलांच्या घरी शेळ्या पोचवल्या. शेळी ही गरिबाची गाय, हे आम्ही पशुसंवर्धनाच्या भाषणात नेहमी सांगतो; या बाईने ते करून दाखवले. तिथेच तिने घरोघर फिरणाऱ्या परिचारिकांचे काम बसवले. फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये तिला आणखी एक गोष्ट दिसली. फ्रान्सच्या सुइणी शिकलेल्या होत्या, पण परिचारिका नव्हत्या. अमेरिकेच्या परिचारिका शिकलेल्या होत्या, पण त्यांना बाळंतपण करता येत नव्हते. इंग्लंडमध्ये मात्र एकाच बाईच्या अंगी दोन्ही विद्या होत्या. डोंगरात अशी बाई हवी, हे तिच्या मनाने घेतले.

आता इथे लक्ष द्या. दुसरी कोणी असती तर लगेच फंड गोळा करून, फीत कापून मोकळी झाली असती. मेरीबाईने 1923 च्या उन्हाळ्यात घोड्या-खेचरांवर बसून शेकडो मैल डोंगर तुडवला. एकूण 53 सुइणींच्या घरी जाऊन बसली. कोण कशी बाळंतपणे करते, हात धुते का, नाळ कशाने कापते, रक्त जाऊ लागले तर काय करते, हे विचारून लिहून घेतले. बहुतेक सुइणी उतारवयाच्या, बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हते. आम्ही नवीन गावात काम सुरू करण्याआधी माती परीक्षण करा, विहिरींची पातळी पाहा म्हणतो, तसलाच हा प्रकार. पुढे काम सुरू करतानाही लेस्ली काउंटीत जन्म किती आणि मृत्यू किती यांची नोंद तिने आधी करून घेतली. आधीचा आकडा हाती नसेल तर नंतरची सुधारणा कशावरून म्हणणार?

एवढे पाहून झाल्यावर ती स्वतः शिकायला गेली. वय बेचाळीस. लंडनच्या वूलिच भागात माता-बालकांचे रुग्णालय होते. तिथे तिने सुइणीचे शिक्षण घेऊन रीतसर प्रमाणपत्र मिळवले. मग 1924 मध्ये स्कॉटलंडला गेली. तिथल्या डोंगराळ भागात आणि बेटांवर तुटपुंज्या जमिनीचे खंडकरी शेतकरी पांगून राहतात. त्यांच्यासाठी सरकारने 1913 पासून वैद्यकीय आणि परिचारिकांची सेवा चालवली होती. विखुरलेल्या वस्तीला मोठे रुग्णालय एके ठिकाणी बांधून भागत नाही. लहान लहान ठाणी पसरावी लागतात आणि मध्ये एक रुग्णालय ठेवावे लागते, ही रचना तिने तिथे पाहिली आणि तशीच उचलली.

28 मे 1925 रोजी केंटकीची राजधानी फ्रँकफर्ट इथे सभा भरवून तिने समिती स्थापन केली. त्याच उन्हाळ्यात दोन परिचारिका घेऊन हायडन या गावी काम सुरू केले. 1928 पासून या संस्थेचे नाव झाले ‘फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिस’. त्याच वर्षी हायडनला छोटे रुग्णालय उभे राहिले, आणि त्याच्या उद्घाटनाला स्कॉटलंडहून सर लेस्ली मॅकेंझी आले. गुरूला विसरली नाही म्हणायची.

मेरीबाई स्वतः नदीकाठी वेंडोव्हर नावाच्या ओंडक्यांच्या घरात राहायची. शहरात कचेरी थाटून डोंगराचा कारभार हाकला नाही. हे मला फार मोलाचे वाटते. ज्या साहेबाचा मुक्काम खाली असतो, त्याच्या हाताखालच्या माणसांची बिऱ्हाडेही हळूहळू खाली सरकतात.

पुढच्या दोन-तीन वर्षांत सहा ठाणी उभी राहिली: बीच फोर्क, कन्फ्लुअन्स, रेड बर्ड, फ्लॅट क्रीक, ब्रूटस, बोलिंगटाउन. (यांपैकी बोलिंगटाउन हे गाव पुढे 1960 च्या सुमारास बकहॉर्न धरणाच्या पाण्याखाली गेले. धरणग्रस्त तिकडेही असतात.) प्रत्येक ठाण्याच्या भोवती पाच मैल, म्हणजे आठ किलोमीटर, असे वर्तुळ. त्यातल्या कोणत्याही घरी घोड्यावरून तासाभरात पोचता यावे असा अंदाज. एका ठाण्याकडे दोनशे चौरस किलोमीटरचा मुलूख. सगळे मिळून सुमारे अठराशे चौरस किलोमीटर.

ठाणे म्हणजे नुसती दवाखान्याची खोली नव्हे. परिचारिकांना राहायला धड घर, घोड्यांचा तबेला, दुधाला गाय, कोंबड्या, परसात भाजीपाला. जागा बहुधा गावकऱ्यांनी दिली, लाकूड त्यांनीच तोडून आणले, बांधकामाला हात लावले. प्रत्येक ठाण्याला गावकऱ्यांची समिती होती. म्हणजे आलेली नर्स ही सरकारची किंवा शहरातल्या बायकांची नव्हती, ती गावाने आणलेली होती. तिचे घर गळत असेल तर ती गावची नामुष्की.

फीचा हिशेब मजेचा होता. एका बाळंतपणाला पाच डॉलर. त्यात गरोदरपणातील तपासण्याही आल्या आणि नंतरच्या भेटीही. बाकी आजारपणासाठी घरटी वर्षाला एक डॉलर. लोकांकडे रोकड कोठून असणार? मग कोणी घोड्यांसाठी वैरण देई, कोणी मका, कोणी जळण, कोणी कोंबड्या, कोणी घरी शिवलेली गोधडी, कोणी ठाण्याच्या कुंपणावर चार दिवस काम करी. आपला बलुत्याचाच व्यवहार म्हणा ना. मेरीबाईचे म्हणणे असे, की फुकट दिले तर डोंगरातल्या मानी माणसाला ते भीक वाटेल. हे मला पटते. फुकट वाटलेल्या बियाण्याचे काय होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. अर्थात पाच-एक डॉलरनी संस्था चालत नव्हती. पहिली काही वर्षे तिने आईकडून आलेला स्वतःचा पैसा घातला. पुढे न्यूयॉर्क, बोस्टन, शिकागो, सिनसिनाटी अशा शहरांत समित्या करून ती वर्षानुवर्षे व्याख्याने देत, वर्गणी मागत हिंडली.

आता मुख्य गोष्ट, माणसे आणली कोठून?

अमेरिकेत 1925 साली परिचारिकेला सुइणीची विद्या शिकवणारी शाळाच नव्हती. म्हणून तिने दोन वाटा धरल्या. अमेरिकेतल्या होतकरू परिचारिकांना ती शिष्यवृत्ती देऊन इंग्लंड-स्कॉटलंडला शिकायला पाठवी. आणि तिकडच्या शिकलेल्या परिचारिका इकडे बोलावी. बोलावण्याची रीत पाहा. पगाराचा मोठा आकडा दाखवणे तिला परवडणारे नव्हते. तिने धाडसाची हौस असणाऱ्या मुलींना साद घातली: स्वतःचा घोडा मिळेल, स्वतःचा कुत्रा मिळेल, हिंडायला डोंगर मिळेल आणि लेकरे वाचवण्याचे काम मिळेल. ज्यांना हे ऐकून भीती वाटली त्या आल्या नाहीत, आणि ते बरेच झाले. ज्या आल्या त्या काय आहे ते जाणून आल्या. गोड बोलून माणूस आणला तर तो पहिल्या पावसाळ्यात पळतो. नोकरी कशी आहे हे आधी खरे सांगावे, हा तिचा धडा भरती करणाऱ्या प्रत्येक खात्याने घेण्यासारखा आहे. माझेही खाते त्यात आले.

आलेल्या परिचारिकेला निळसर-करडा घोडेस्वारीचा पोशाख मिळे, तुमान आणि गुडघ्यापर्यंत बूट. त्या काळी बायकांनी तुमान घालणे डोंगरात नवलच होते. खोगिराच्या दोन्ही बाजूंना कातडी पिशव्या. त्यांचे वजन चाळीस-एक पौंड, म्हणजे सुमारे अठरा किलो. बाळंतपणाच्या पिशव्या निराळ्या आणि साध्या आजारपणाच्या निराळ्या, म्हणजे लागण इकडून तिकडे जायला नको. आतले पांढरे अस्तर काढून धुता येई. डॉक्टर जवळ नसताना काय करावे आणि काय करू नये, हे लेक्सिंग्टनच्या डॉक्टरांच्या समितीने लिहून दिलेले चोपडे पिशवीतच असे. म्हणजे एकट्या बाईच्या पाठीमागे लेखी आधार होता. घरातल्या पोरांना सांगत, की बाळ नर्सच्या पिशवीतूनच येते! ती दारात आली की पोरे पिशवीकडे टक लावून पाहत.

घोड्याची निगा नर्सने स्वतः करायची. खरारा, दाणापाणी, खूर पाहणे. गुरे पाळणाऱ्यांना यात काही विशेष वाटणार नाही, पण लंडनच्या गल्लीतून आलेल्या मुलीला पहिल्या महिन्यात रडू येत असेल. रात्री-अपरात्री बोलावणे आले तर नियम सरळ होता: बाप नर्सला बोलवायला येऊ शकला, तर नर्स आईपर्यंत जाऊ शकते. नदीला पूर असो, बर्फ असो. बोलवायला आलेला माणूस कंदील घेऊन पुढे, नर्स मागे.

आणखी एक दंडक होता. धर्म, राजकारण आणि चोरून गाळलेली दारू या तीन विषयांवर नर्सने तोंड उघडायचे नाही. डोंगरात भट्ट्या पुष्कळ होत्या. नर्सने कोठे धूर पाहिला तरी पाहिला नाही. नाहीतर उद्या तिच्यासाठी कोणाचे दार उघडणार? कृषी सहायकालाही गावातल्या दोन गटांच्या भांडणात पडू नको असे आम्ही सांगतो, ते याच कारणाने.

तिची एक युक्ती तर मला बेहद्द आवडली. 1928 पासून तिने शहरातल्या श्रीमंत घरच्या तरुण मुली काही आठवडे बिनपगारी कामाला आणायला सुरुवात केली. त्यांना ‘कुरियर’ म्हणत. घोड्यांना खरारा करणे, आजारी घोडा नालबंदाकडे नेणे, पाहुण्यांना डोंगरातून आणणे, निरोप पोचवणे ही त्यांची कामे. त्यामुळे परिचारिकेचा वेळ परिचारिकेच्याच कामाला लागे. शिवाय त्या मुली घरी जाऊन आईबापांना काय पाहिले ते सांगत आणि वर्गणी वाढे. ज्याच्या हाती विद्या आहे त्याला कारकुनीत आणि ओझी वाहण्यात गुंतवू नये, ही साधी गोष्ट. आपल्या आरोग्य सेविकेला किती रजिस्टरे भरावी लागतात ते एकदा तिला विचारून पाहा.

सगळे सुरळीत चालले असे मात्र समजू नका. 1930 साली केंटकीत भयंकर दुष्काळ पडला. मका वाळला, विहिरी-झरे आटले, त्यातून टायफॉइडची भीती. त्याच वेळी देशभर मंदी होती आणि शहरातल्या देणगीदारांचे हात आखडले. पगार कापावे लागले. काही जणी गेल्या, बऱ्याच राहिल्या. 1931 च्या नोव्हेंबरात मेरीबाई स्वतः घोड्यावरून पडली आणि तिच्या पाठीचे हाड मोडले. पुढे पाठीला पट्टा बांधून तिने काम केले, पुष्कळसे लिखाण अंथरुणात पडून केले, आणि पुन्हा घोड्यावरही बसली.

खरी कसोटी 1939 साली लागली. युरोपात दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि इंग्लंडच्या परिचारिकांना आपल्या देशाची हाक आली. त्या जाऊ लागल्या. ज्यांच्या भरवशावर ठाणी चालत होती त्यांतल्या कित्येक जणी एकदम जाणार. आणि अमेरिकन मुलींना तिकडे शिकायला पाठवण्याची वाटही बंद. दुसऱ्याच्या विहिरीवरून भिजवलेले रान असे असते. त्याने मोटार बंद केली की आपले पीक उभे वाळते.

तिने काय करावे? युद्ध सुरू होऊन दोन महिने होतात न होतात, तोच 1 नोव्हेंबर 1939 रोजी हायडनला परिचारिकांसाठी सुइणीच्या विद्येची स्वतःची शाळा उघडली. विद्यार्थिनी किती? दोन! दोनच घेऊन सुरू केली. डोंगरातच शिकायचे, डोंगरातच घोड्यावर फिरायचे, तिथेच बाळंतपणे करायची. शिकलेली बाई डोंगराला सरावलेलीच बाहेर पडे. आपल्या शेताचे बियाणे आपल्याच शेतात निवडून ठेवणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

फळ काय मिळाले, तेही आकड्यांत पाहू. पहिल्या 1,000 बाळंतपणांचा हिशेब मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीचे संख्याशास्त्रज्ञ लुई डब्लिन यांनी तपासला. बाळंतपणाच्या थेट कारणाने त्यांत एकही माता दगावली नव्हती. सगळ्या देशाला अशी सेवा मिळाली तर वर्षाला 10,000 माता वाचतील, असे त्यांनी म्हटले. पुढे पहिल्या 10,000 बाळंतपणांचा हिशेब झाला, तो 1950 च्या दशकाच्या मध्यापर्यंतचा. त्यात दर 10,000 मागे सुमारे 9 माता दगावल्या होत्या, तर त्याच काळात देशाची सरासरी 34 होती. म्हणजे पक्के रस्ते नसलेला, गरीब, डोंगराळ मुलूख राष्ट्राच्या पुढे गेला. मोठी यंत्रे नव्हती. गरोदरपणातच घरी जाऊन तपासणे, धोक्याची बाई आधी ओळखून रुग्णालयात आणणे, स्वच्छ हात, आणि बाळंतपणानंतरही रोज जाऊन पाहणे. याच फेऱ्यांत टायफॉइड, घटसर्प, देवी यांच्या लसी टोचल्या जात आणि संडास कोठे खणावा तेही सांगितले जाई.

आता एक-दोन उणे बोल. गुण गायचे तर दोषही झाकू नयेत. ही बाई तिच्या घराण्याच्या जुन्या मतांतून सुटली नाही. गोऱ्या-काळ्यांचा भेद ती मानीत होती, आणि गोऱ्या वंशाचा तिला अभिमान होता. ज्या काळ्या स्त्रियांनी दक्षिणेत पिढ्यान्‌पिढ्या बाळंतपणे केली त्यांना तिच्या विचारात मानाची जागा नव्हती. दुसरे असे, की डोंगरातल्या त्या ‘आजी’ सुइणींना शिकवून बरोबर घेण्याऐवजी तिने त्यांच्या जागी नवी माणसे आणली. तिचे म्हणणे, उतारवयात त्यांना नव्याने शिकवून भागणार नाही. असेलही. पण आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी कशी घेता येते, हे 1990 च्या दशकात दाखवून दिले. त्यामुळे मेरीबाईचीच वाट एकमेव होती असे मी म्हणणार नाही.

16 मे 1965 रोजी ती हायडनलाच वारली. घोडे त्याआधीच मागे पडू लागले होते, जीप आल्या होत्या. शाळा मात्र वाढली. आज तिचे फ्रंटियर नर्सिंग युनिव्हर्सिटी असे विद्यापीठ झाले आहे. 1989 पासून तिथे एक चांगली सोय आहे. शिकणारी परिचारिका आपल्या गावातच राहून, तिथल्याच दवाखान्यात काम करीत अभ्यास करते आणि विद्यापीठात थोड्या दिवसांसाठी जाते. कारण अनुभव असा, की शिकायला शहरात गेलेले माणूस बहुधा तिकडेच राहते.

तुम्ही म्हणाल, साहेब, गोष्ट झाली, आमच्या सिस्टरचे काय? पद भरणे तुमच्या-माझ्या हाती नाही. ते जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडून भरले जाते, आणि त्यासाठी ग्रामसभेचा ठराव करून पाठपुरावा करायला हवा. तोंडी गाऱ्हाण्याला जावक क्रमांक नसतो. पण आलेली सिस्टर टिकवणे पुष्कळसे गावाच्या हाती आहे. उपकेंद्राच्या क्वार्टरला पाणी येते का? दाराला कडी धड आहे का? संडास वापरता येतो का? रात्री बाळंतपणाला बोलवायला एकटा दारू प्यालेला माणूस जातो की बरोबर घरातली बाई जाते? परत पोचवायला कोण येते? तिच्या लेकराला शाळेत, अंगणवाडीत कोणी आपले म्हणते का? गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, आणि तिला थोड्याशा अबंधित निधीची तरतूदही आहे. आपल्या गावच्या समितीत कोण कोण आहे, तिची शेवटची बैठक कधी झाली आणि तो पैसा कशावर गेला, हे बायकांनी ग्रामसभेत उभे राहून विचारावे. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तारखा तुम्हांला ठाऊक आहेतच.

आशाताईही यात आली. 2005 पासून ही योजना आहे आणि साधारण हजार वस्तीला एक आशा, असा तिचा हिशेब. ती बहुधा गावचीच सून असते, म्हणून ती टिकते. तिला रात्री रुग्णवाहिकेबरोबर जावे लागते तेव्हा तिच्या घरच्या गाई-म्हशींची धार कोण काढणार, याचा विचार शेजारणींनी केला तर फार मोठे काम होईल.

आणि ज्यांच्या घरी बारावीला मुलगी आहे त्यांच्याशी थोडे. परिचारिकेचे शिक्षण मुलीला द्यायचे म्हटले की काही घरांत अजून नाके मुरडतात. रात्रपाळी, परक्यांची सेवा, लोक काय म्हणतील. उपाध्यक्षाच्या नातीने घोड्याला खरारा केला आणि गरिबाच्या झोपडीत गुडघे टेकून बाळंतपणे केली, हे त्यांना वाचून दाखवा. प्रवेशाची, शिष्यवृत्तीची आणि वसतिगृहाची माहिती जिल्हा रुग्णालयाच्या परिचर्या शाळेत मिळते. संस्था परिचर्या परिषदेने मान्य केलेली आहे ना, एवढे पाहूनच पैसे भरा. गल्लीबोळांत पाट्या पुष्कळ लागल्या आहेत.

पुढील अंकात उन्हाळी भुईमुगाला आऱ्या सुटण्याच्या वेळच्या पाण्याविषयी लिहीन. त्याबद्दल तिघांची पत्रे आली आहेत, त्यांनी तोवर माती चढवून घ्यावी.